पंपाच्या खड्ड्यातून आलेला आवाज

या ग्रुपवर मी नुसता वाचणारा. तुमचे अनुभव वाचून बायकोला म्हणायचो, "यातल्या निम्म्यांना झोप कमी पडते आणि उरलेल्यांना काम." माझा धंदाच आवाजाचा आहे. आवाज कुठून आला हे नीट शोधलं की सापडतं, हा इतक्या वर्षांचा अनुभव. म्हणून हे लिहायलाही वर्षभर टाळलं... पण आता डोक्यात ठेवून ठेवून कंटाळा आलाय.

मी विठ्ठलवाडीला राहतो. कारखान्यांना, मोठ्या सोसायट्यांना वॉकीटॉकी बसवून देतो. पार्टनर नरेश, उल्हासनगरचा सिंधी. दोघंही पन्नाशी ओलांडलेले, दोघांचेही गुडघे गेलेले, त्यामुळे टाकीवर कोण चढणार यावरून रोज भांडण.

मागच्या मे महिन्यात अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीचं काम होतं. नाव नको. त्यांचं गोडाऊन जांभूळला, आणि कारखान्यातून गोडाऊनशी सेटवर बोलता यायला हवं होतं. त्यासाठी रिपीटर लागतो – एका सेटचा आवाज पकडून तो जोरात पुढे फेकणारी पेटी. पेटीचं फारसं काही नसतं, खरा प्रश्न तिच्या अँटेनाचा. माझ्याकडे दोन होत्या. एक लांब, दोन पुरुष उंचीची. ती आवाज दूर फेकते, पण चपटा फेकते, बुडाशी काही पडत नाही. दिव्याखाली अंधार, तसंच. दुसरी आखूड. तिचा आवाज फार लांब जात नाही, पण खाली, आडोशाला, कोपऱ्यात पसरतो.

मॅनेजरला जांभूळ हवं होतं. मग लांबच लावायची. विचार करायचं कारणच नव्हतं, आणि खरं सांगतो, त्या उन्हात विचार करायची ताकदही नव्हती.

दुपारी तीनच्या सुमारास पाण्याच्या उंच टाकीवर अँटेना उभी केली. नरेश जांभूळला गोडाऊनमध्ये होता. सेटवरून म्हणाला, "एकदम साफ, बॉस. निकल लो." मी हत्यारं पिशवीत भरत होतो. तेवढ्यात कंबरेच्या सेटमधून आवाज आला.

"खाली आवाज पोचत नाही."

पुरुषाचा आवाज. जाडसर, शांत. मी विचारलं, "कोण बोलतंय?"

"पंपाच्या खड्ड्यात आवाज पोचत नाही."

मला वाटलं, कुणी सिक्युरिटीवाला सेट घेऊन फिरतोय. म्हटलं, "बरं, बघतो नंतर." आणि पिशवीची चेन लावली. तर तिसऱ्यांदा तेच वाक्य. चिडून नाही, विनवून नाही... एखादा माणूस खूप वेळ सांगून दमल्यासारखा.

शिव्या घालत खाली उतरलो. गेटच्या केबिनमध्ये सिक्युरिटी ऑफिसर कदम साहेब बसले होते, मिलिटरीतून रिटायर झालेले. मी विचारलं, "खड्ड्यात कोण गेलंय सेट घेऊन?"

"कोण जाणार? तिथे जाळीला कुलूप आहे. चावी ही बघा." त्यांनी ड्रॉवरमधून काढून दाखवली. "तो आवाज मीही ऐकला. मला वाटलं तुमचाच माणूस."

एकूण सहा सेट. चार त्यांच्यासमोर चार्जिंगला लावलेले. पाचवा माझ्याकडे, सहावा जांभूळला. नरेशला विचारलं तर तो म्हणाला, "हां, सुना ना. साफ आवाज था. कोण होता?"

शेजारच्या कंपनीचा आवाज घुसला म्हणावं, तर सेटमध्ये कोड असतो. तो जुळल्याशिवाय रिपीटर तोंड उघडत नाही. तो कोड मी त्याच दिवशी सकाळी टाकला होता.

चावी घेऊन खड्ड्याकडे गेलो, जाळी उघडली. सांडपाण्याच्या टाकीमागे, लोखंडी शिडीने दोन मजले खाली. वास येत होता म्हणून पूर्ण उतरलो नाही, चार पायऱ्या उतरून तिथूनच बटण दाबलं. "कदम साहेब, ऐकू येतंय?" काही नाही. परत दाबलं. काही नाही. वर आलो तर कदम साहेब म्हणाले, "तुम्ही बोललात कधी?"

तिथे उन्हात माझ्या अंगावर काटा आला. आवाज पोचत नाही, हे खरंच होतं. पण मग पोचत नाही हे सांगणारा आवाज तिथून पोचला कसा?

मी टाकीवर परत चढलो. लांब अँटेना काढली, आखूड लावली, तीही अर्ध्या उंचीवर, खड्ड्याच्या बाजूला. परत जाऊन बोललो. कदम साहेबांना स्वच्छ ऐकू आलं.

जांभूळ मात्र खरखरायला लागलं. मॅनेजर तडकला. "गोडाऊनसाठी तर सगळा खटाटोप! खड्ड्यात वर्षातून दोनदा कोणी उतरतं." नरेशही वैतागला, "बॉस, मी अर्ध्या रस्त्यात आलो होतो ना, परत जांभूळला जावं लागलं!" दुसऱ्या दिवशी गोडाऊनच्या छपरावर वेगळी अँटेना, कारखान्याकडे तोंड करून बसवली, तेव्हा मॅनेजर गप्प झाला. असं का केलं ते मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार?

दिवाळीच्या आधी कदम साहेबांचा फोन आला. खड्ड्यातला पंप अडकला म्हणून बाळाराम नावाचा कामगार खाली उतरला होता. वर थांबलेला माणूस पाना आणायला गेला, आणि तेवढ्यात गॅसने बाळारामला भोवळ आली. मोबाइलला तिथे रेंज नाही. त्याने कसंबसं सेटचं बटण दाबलं, ते गेटवर ऐकू आलं. मास्क लावून दोघं उतरले, त्याला बाहेर काढलं. डॉक्टर म्हणाले, अजून पाच मिनिटं गेली असती तर हाती लागला नसता.

मी कदम साहेबांना विचारलं, "त्या खड्ड्यात आधी कोणी मेलंय का हो?"

"नाही. खड्डाच दोन वर्षांचा आहे. त्याआधी तिथे नुसतं गवत होतं."

म्हणजे भूत म्हणावं, तर मेलेलंही कोणी नाही.

बाळारामला भेटायला बदलापूरजवळ त्याच्या गावी गेलो. खोटं कशाला बोलू, त्याचा आवाज ऐकायला गेलो होतो. बारीक, किनरा आवाज. तो नव्हता. शिवाय कंपनीत लागला गणपतीनंतर.

त्याच्या बायकोने चहा दिला. तो म्हणाला, "त्यो डबा तुमीच बसवलाव ना? तुमच्यामुलं वाचलो." आणि पाया पडायला वाकला. मी त्याचे खांदे धरून उठवलं.

मी तर त्या दिवशी पिशवीची चेन लावून निघालो होतो. हे त्याला सांगायला तोंड उघडेना. कोणाचे पाय धरायचे हे मला माहीत असतं, तर त्याला तिकडे पाठवला असता... स्वतःही गेलो असतो.