धवल्याचा पंचनामा

साजगावच्या एका चाळीत बंद दाराला कान लावून मी उभा होतो. ती दुपार अजून माझा पिच्छा सोडत नाही. नोकरीत मी खुनाचे पंचनामे केले, दरोडेखोरांच्या मागे रानोमाळ हिंडलो. पण आतून काहीच आवाज येत नाही म्हणून मी हादरलो तो त्या एकाच दिवशी. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्यातली काही माणसं हयात आहेत आणि त्यांना माझ्यामुळे पुरेसा त्रास झालेला आहे.

तेव्हा माझी नेमणूक कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या एका ठाण्यात होती. सरकार वृद्ध कलावंतांना दरमहा मानधन देतं. आमच्याकडच्या यादीत बोगस नावं घुसल्याची ओरड झाली, पेपरात छापून आलं, वरून फोन सुरू झाले. ज्यांनी जन्मात टाळ हातात धरला नाही, ते कागदावर भजनीबुवा झाले होते. गुन्हा दाखल झाला आणि तपास माझ्याकडे आला.

प्रत्येक अर्जाला एखाद्या जाणत्या कलावंताची शिफारस लागायची. मी अर्ज चाळायला बसलो तर बहुतेकांखाली एकाच बाईचा अंगठा. कडावच्या बाजूची, सत्तरी ओलांडलेली एक धवलारीण.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आगरी लग्नात हळदीपासून धवले म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. देवांना, पितरांना ती गाण्यातून लग्नाला बोलावते. ती आल्याशिवाय हळद लागत नाही, एवढा तिचा मान. मी घाटावरचा. मला तेव्हा यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. मला दिसला तो फक्त अंगठा. माझ्या डोक्यात बसलं की हीच टोळीची म्होरकी!

मी नोटीस काढली. छापील नमुना होता, त्यात नाव भरलं, सही ठोकली. अमुक तारखेला ठाण्यात हजर राहावे, अन्यथा अटकेची कारवाई करण्यात येईल. म्हातारी बाई साक्षीदार असेल तर तिच्या घरी जाऊन जबाब घ्यायचा असतो, हे मीच नव्या पोरांना घोकून घोकून शिकवायचो. पण मी तिला साक्षीदार धरलंच नव्हतं. ती सही करायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. समोर चहा होता, तो गार व्हायच्या आत मी पुढच्या कागदाला हात घातला होता.

तारीख उलटली, म्हातारी आली नाही. मी मनात म्हटलं, पळाली, म्हणजे दोषीच.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, दूध घालायच्या निमित्ताने एक बाई ठाण्याच्या मागच्या दाराने आली. म्हातारीची भाचेसून. म्हातारी विधवा, भावाच्या मुलाकडे राहायची. ही त्या मुलाची बायको. दुधाची किटली तिने खाली ठेवलीच नाही. सारखी रस्त्याकडे बघत होती.

"सायब, माजं नाव कुटं घेऊ नका. आमचं मालक मला घराभायेर काढतील."

"नाही घेत. काय झालं ते सांग."

"आत्याबाई सोमवारपासनं घरात नाय. सचिव गाडी घेऊन आला. तुमचा कागद त्यानंच वाचून दाकवला. म्हनला, आत्या, तुला अटक हाय, बेड्या घालून नेतील, गावासमोर. म्हातारीनं हातरूनच धरलं व्हतं, सायब. थराथरा कापत व्हती. मंग तो म्हनला, चल, चार दीस लपवून ठेवतो."

सचिव म्हणजे तिथल्या एका कलावंत संघटनेचा सचिव. लोकांचे मानधनाचे अर्ज तोच भरून द्यायचा.

"कुठे नेली?"

"काय ठावं. फोन लावला तर बंद. आमचं मालक म्हनतात, गप बस, पोलिसांच्या नादी लागू नको." तिने पदर तोंडाशी धरला. "सायब, शुक्रवारी कडावात हळद हाय. आत्याबाईनं पानसुपारी घेतलीय त्या घरची. पानसुपारी घेऊन ती कंदी चुकली नाय. ती नाय आली तर... तर ती नाय समजा."

तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. त्या बोगस अर्जांबद्दल सचिवाविरुद्ध तोंड उघडू शकेल असं एकच माणूस होतं आणि ते त्याच्या ताब्यात होतं. ते त्याच्या हातात आयतं दिलं होतं माझ्या नोटिशीने.

मी काय केलं? स्वतःला मोठा हुशार समजून सचिवाच्या घरासमोर साध्या वेशातला शिपाई बसवला. म्हटलं, तो हलला की मागोमाग जाऊ. सचिव हललाच नाही. पहिल्याच दिवशी त्याने आमचा माणूस ओळखला होता, पण हे मला फार उशिरा कळलं.

गुरुवारी सकाळची हजेरी चालू असतानाच फोन आला. कालव्यात एका वृद्ध स्त्रीचं प्रेत सापडलंय. मी तसाच निघालो. रुग्णालयात पोहोचलो तेव्हा प्रेतावर चादर होती. सोबत आमच्या ठाण्यातल्या महिला हवालदार होत्या. त्या याच भागातल्या आगरी घरातल्या, म्हातारीला लहानपणापासून ओळखणाऱ्या. त्यांनी चादर बाजूला केली आणि हनुवटी पाहिली.

"नाही साहेब. आत्याच्या हनुवटीवर गोंदण आहे. ही ती नाही."

मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पुढच्याच क्षणी माझी मलाच लाज वाटली. चादरीखालची बाईसुद्धा कुणाची तरी आत्याच होती. तिची ओळख पटायला पुढे दोन दिवस लागले.

शुक्रवारी सकाळी हवालदार बाई साडी नेसूनच ठाण्यात आल्या. कडावची हळद त्यांच्या नात्यातलीच होती. दुपारनंतरची रजा त्यांनी आधीच मागून ठेवली होती. मी सचिवाला आणवलं होतं. बाईंना म्हटलं, रजेवर जाण्याआधी थोडा वेळ बसा.

सचिव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, बगलेत फाइल घेऊन आला. फाइलमध्ये मोठमोठ्या माणसांबरोबरचे फोटो. आवाज गोड. दोन तास मी प्रश्न विचारले आणि त्याने मलाच शहाणपण शिकवलं.

"साहेब, म्हातारीनेच अंगठे दिलेत. मी फक्त अर्ज पोचवले. ती फरार झाली याचा अर्थ तुम्हाला मी सांगायला हवा का?"

चोराच्या उलट्या बोंबा! मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला. तो शांतपणे पाणी प्यायला. धाक दाखवून बोलणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. हा त्यातला नव्हता. समोरचा किती घाबरलाय हे त्याला वास आल्यासारखं कळायचं, आणि त्या दिवशी घाबरलेला मी होतो.

हवालदार बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी सहज, गप्पा मारल्यासारखं विचारलं, "दादा, तुमच्या लग्नात धवले कुणी म्हटले होते?"

त्याने बगलेतली फाइल मांडीवर घेतली.

"तुमच्या धाकट्या भावाच्या लग्नात मी होते. तुमच्या आईला जाऊन महिनाच झाला होता. आईच्या जागी हळद कोण लावणार म्हणून सगळा मांडव रडत होता. आत्यानं तुमच्या आईला नाव घेऊन बोलावलं होतं गाण्यात. आठवतंय?"

सचिवाने फाइल मांडीवरून खाली ठेवली. गोड, शुद्ध बोलणं कुठल्या कुठे गेलं आणि गावची भाषा बाहेर पडली.

"मी मारली नाय तिला. आईशपत मारली नाय. नुसती ठेवलीय. चौकशी सरंपत्तर."

"कुठे?"

"साजगावला. चाळ हाय माजी, कामगारांची. शेवटची खोली."

"खायला-प्यायला कोण देतं?"

त्याने मान खाली घातली. "मंगळवारी रातीला भाकऱ्या नि पान्याची कळशी ठिवली व्हती. मंग तुमचा मानूस दारात बसला. मी कसा जानार?"

शुक्रवारची दुपार होती ती. मे महिना होता. माझ्याच शिपायाने म्हातारीचं पाणी अडवून धरलं होतं, आणि त्याला तिथे बसवला होता मी.

स्टेशन डायरीत नोंद करायला सांगितलं, तिकडच्या ठाण्याला फोन लावला आणि गाडी काढली. गाडी पळसदरीच्या रस्त्याला लागली. हवालदार बाई हिरव्या बांगड्या एकसारख्या मागेपुढे करत होत्या. रुग्णालयातली चादर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

चाळीवर पत्रे होते. कामगार पाळीवर गेलेले, सगळ्या खोल्यांना कुलपं. कारखान्याची घरघर एवढी की कुणी आतून ओरडलं असतं तरी रस्त्यावर ऐकू गेलं नसतं. शेवटच्या खोलीचं कुलूप सचिवाच्या किल्लीने काढलं. दार ढकललं. उघडेना! आतून कडी होती.

मी दार ठोठावलं. "पोलीस! दार उघडा!"

काही नाही.

"आजी, पोलीस आहोत आम्ही! घाबरू नका!"

काही नाही. मी कान लावला. दार तापलेलं होतं, कानाला चटका बसला. आत श्वासाचासुद्धा आवाज नव्हता. मी तिसऱ्यांदा ओरडलो, जोरात, सगळा घसा फोडून. मग शिपायांना म्हटलं, फोडा. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"थांबा साहेब," हवालदार बाई म्हणाल्या. त्यांनी मला चक्क दंडाला धरून बाजूला केलं आणि दाराशी तोंड नेऊन हाक मारली.

"आत्या! ए आत्या! हळद खोळंबलीय गं. पोर पाटावर बसून हाय. तुज्याबिगर कोन लावल हळद?"

कारखान्याची घरघर तेवढी चालू होती. मग आत काहीतरी घासल्यासारखं झालं आणि अगदी बारीक आवाज आला.

"कोन गं?"

"मी गं आत्या. कडावच्या मांडवातली. उगड दार."

"पोलीस गेलं का?"

हवालदार बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी शिपायांना हाताने खूण केली. मी, ठाण्याचा प्रमुख, टोपी काढून त्या चाळीच्या कोपऱ्याआड जाऊन उभा राहिलो, चोरासारखा.

"गेलं, आत्या," बाई म्हणाल्या.

कडी निघाली.

म्हातारी जिवंत होती. कळशीत तळाला थोडंसं पाणी होतं. पुरवून पुरवून पीत होती ती. मी ओरडत होतो तेव्हा ती कोपऱ्यात गोधडी डोक्यावर घेऊन, तोंडात पदराचा बोळा कोंबून बसली होती. माझ्या प्रत्येक हाकेसरशी तिने तो बोळा आणखी आत कोंबला होता. हे तिने बाईंना सांगितलं, बाईंनी मला.

डॉक्टरांनी सलाईन लावलं. राहा म्हणाले, तर ऐकायला तयार नाही. "मी पानसुपारी घेतलीय." दिवेलागणीला आम्ही तिला कडावला पोचवलं. मांडवात बायकांचा जीव नुसता टांगणीला लागलेला. ती पाटाशी बसली, डोळे मिटले आणि गायला लागली. आवाज आधी कापला, मग लागला. मागून सगळ्या बायकांनी साथ धरली. मी मांडवाबाहेर अंधारात उभा होतो. धवल्यातलं मला एक अक्षर कळलं नाही, पण रडू आलं. खोटं कशाला सांगू?

तिचा जबाब पुढे मी तिच्या ओट्यावर बसून घेतला. अंगठे तिचेच होते. "गरीब बायांना सरकार काय देतंय तं देऊ दे, असं म्हनला सचिव. मला काय वाचता येतं?" तिचं स्वतःचं मानधनही चौकशीपुरतं थांबलं होतं. पडताळणीला समिती आली. प्रत्येकाने कला सादर करायची होती. बोगस मंडळींनी पाठ करून आणलेली गाणी पेटी-तबल्यावर धडाधड म्हटली. म्हातारीची पाळी आली तेव्हा ती मान खाली घालून उभी राहिली.

"आजी, म्हणा ना काहीतरी," समितीचे अधिकारी म्हणाले.

"मांडव नाय, हळद नाय. देवांना उगाच कशाला बोलवू?"

अधिकाऱ्यांनी पेन उचललं. कला सादर केली नाही, असंच ते लिहिणार होते. तेव्हा मी माझा कागद पुढे केला. हळदीच्या संध्याकाळी मी दोन पंच बोलावून पंचनामा करून ठेवला होता. सदर महिलेने हळदीच्या विधीवेळी धवले म्हटले, समोर कोणताही कागद नव्हता, उपस्थित महिलांनी मागून साथ दिली, खाली पंचांच्या सह्या. गाण्याचा पंचनामा नोकरीत मी तेवढा एकच केला. अधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला आणि नाव कायम ठेवलं. सचिवावर दोषारोपपत्र गेलं, तिच्या जबाबावरून बोगस नावं कापली गेली. सहकारी म्हणाले, तपास फत्ते! मीही तेच धरून चाललो होतो.

त्यानंतर छापील नमुन्यावर सही करताना मी तो आधी मोठ्याने वाचायचो. गावच्या ओट्यावर तो कसा ऐकू जाईल ते बघायला. हाताखालची पोरं गालात हसायची. हसू देत. गुन्हेगाराला पोलिसाची भीती हवी, हे खरं. पण ती भीती आपण सोडली की कुणाच्या घरात शिरते, यावर आपला ताबा नसतो. नंतर ती काढून घेता येत नाही.

हे मला शेवटी शिकवलं माझ्या मुलीच्या लग्नाने. निवृत्तीनंतर मी कर्जतलाच घर केलं. मुलगी म्हणाली, आपल्यात नसलं तरी मला त्या धवलारीण आत्याचेच धवले हवेत. मी पानसुपारी घेऊन तिच्या घरी गेलो. अंगावर वर्दी नव्हती, साधा सदरा होता. तिने मला ओळखलं. हात पुढे केला, मागे घेतला.

"सई नाय ना करायची कशावं?"

"नाही आत्या. लग्न आहे पोरीचं."

ती आली. पाटाशी बसून गायला लागली. मी कौतुकाने मांडवात शिरलो आणि तिचा आवाज थांबला. बाहेर गेलो, पुन्हा सुरू झाला. परत आत आलो, परत थांबला. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मग मी रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकली आणि माझ्या एकुलत्या एका मुलीची हळद तिथे बसूनच ऐकली.