फोडणीवर आलेला बोल

थोरल्या भावाची मुलगी नऊ महिन्यांची झाली, तेव्हा येडगावात नर्सबाई गोवराची लस टोचायला आल्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पोरीचं नाक गळत होतं, म्हणून वहिनी अडखळली. मला म्हणाली, "भाऊजी, तुमी शिकलेले. टोचू का नको?"

मी तेव्हा जुन्नरला कॉलेजात जात होतो. कुणी विचारलं की फुगायचो. पोरीच्या डाव्या दंडावरचा वण दाखवत म्हणालो, "हिच्या देवी काढून झाल्यात की. गोवर म्हणजे देवीचंच. परत सुई कशाला?"

आमच्याकडं दंडावर काहीही टोचलं तरी देवीच काढल्या म्हणत.

"अहो, तो वण टीबीच्या लशीचा," नर्सबाई म्हणाल्या. "गोवराची वेगळी. आणि एवढ्याशा सर्दीनं लस अडत नाही."

"पुढच्या खेपेला बघू, बाई," मी म्हणालो. वहिनी पोरीला आत घेऊन गेली.

पुढच्या खेपेआधीच गावात गोवर आला. पोर तापानं फणफणली, अंगभर पुरळ उठलं. आईनं दाराला लिंबाचा पाला लावला. घरात तळण नको, फोडणी नको, देवीला चटका बसतो. शेतावरून दमून येणाऱ्या भावासाठी वहिनीनं एकदाच डाळीला फोडणी दिली. त्यानंतर पोरीचे कान वाहू लागले.

जुन्नरच्या डॉक्टरांनी विचारलं, "गोवराची लस दिली होती?"

"देवी काढल्यात की," वहिनी म्हणाली. माझंच वाक्य.

मला बाजूला घेऊन डॉक्टर म्हणाले, लस असती तर बहुतेक ही वेळ आली नसती. मी मान हलवली आणि घरी कुणाला सांगितलं नाही.

पोरीला ऐकू येईना, ते कायमचंच. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "हिनं फोडणी दिली, देवी कोपली." वहिनीनं कधी उलट उत्तर दिलं नाही. स्वतःच्या वाटची डाळ तेवढी ती फोडणीआधीच काढून ठेवी. मी शेजारी बसून जेवत असे.

आई गेली, त्यानंतरही काही वर्षं मी गप्पच होतो. मग एका दुपारी वहिनी अंगणात शेंगा फोडत बसली होती, पोरगी तिच्याजवळच होती. मी सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांचं बोलणंसुद्धा.

वहिनीचे हात थांबले. "आत्याबाई मरंस्तवर मला बोलत व्हत्या. तवा तुमी कुटं व्हता?"

"तिथंच होतो."

"व्हय. तिथंच व्हता."

पोरगी आळीपाळीनं आमच्या तोंडांकडं बघत होती, काहीतरी बिनसलंय एवढं तिला कळलं होतं.

"आता तिला सांगा," वहिनी म्हणाली. "तिच्या म्होरं बसा अन् सावकाश बोला. तिला व्हटावरनं कळतं."