साहेबांचा चांदीचा मासा

हसायचं ते आत्ताच हसून घ्या बायांनो, म्हणजे मधेमधे मला तोडणार नाही. जन्मात एकच दिवस मी तोंड बंद ठेवलं, आणि माझ्या हातून सगळ्यात मोठी गाढवकी झाली ती नेमकी त्याच दिवशी. तू आणि तोंड बंद, असं म्हणाल. तेच तर सांगते.

आमची धाकटी बहीण शांता रावेरकडं दिलेली. नवरा यशवंतराव, सरकारी कचेरीत कारकून. झकास चाललं होतं. तेवढ्यात स्वराज्य आलं, राजे-नवाबांची राज्यं एकेक करून सरकारात मिळायला लागली, आणि त्यांची दप्तरं लावायला इकडचे कारकून तिकडं धाडले. यशवंतराव पडले पार समुद्राकाठी, एका एवढ्याशा संस्थानात. नवाब सुटला, आमची शांता अडकली!

मी भेटायला गेले तर पोरगी ओळखू येईना. गालफडं बसलेली, बांगड्या कोपरापर्यंत चढताहेत. सकाळी भात, रात्री भात, आणि शेजारून मासळीचा वास. "अक्का, मला स्वप्नात ज्वारीची भाकर दिसते गं," म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. बदलीचा अर्ज केव्हाचा दिलेला. सही बड्या साहेबांची लागायची आणि साहेब काही हात हलवेनात.

यशवंतराव म्हणाले, रविवारी साहेब समुद्राच्या खडकावर जातात, तिथं खुशीत असतात. आपण डबा घेऊन जाऊ, जेवताना विषय काढू.

मी म्हटलं, मीच काढते की विषय.

तर शांतानं माझा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला. "अक्का, तुला माझी कसम. साहेबांशी एक शब्द बोलायचा नाही." मागं तापीवर जैनाबादच्या नावाड्याशी मी भांडले, तेव्हा त्यानं नाव मधेच सोडून पोहत काठ गाठला होता. ते तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. मग काय बोलणार? घेतली कसम. तोंडात सुपारीचं खांड धरलं आणि निघाले.

समुद्र मी पहिल्यांदा पाहत होते. आपल्याकडं तापीमाईची ओटी भरल्याशिवाय आपण पुढं पाऊल टाकतो का? मग हा तर सगळ्या नद्यांचा बाप. खण, नारळ, हळद-कुंकू सगळं पिशवीत घेऊनच गेले होते.

खडक म्हणजे काळे, धारदार, पायाला नुसते चावणारे. आणि त्यांच्या पार टोकाला साहेब उभे. पायात जोडे नाहीत. डोक्यावर टोपी, हातात लांबलचक काठी, काठीला चरखी, चरखीला रेशमी दोर. आणि दोराच्या टोकाला काय असावं? चांदीचा मासा! वीतभर. उन्हात असा चमके की डोळे दिपावे.

साहेब तो मासा भिरकावून समुद्रात टाकायचे. मग चरखी फिरवून परत ओढायचे. पुन्हा टाकायचे, पुन्हा ओढायचे. ओठ हलताहेत, नजर पाण्यावर, कुणाशी बोलणं नाही.

आता तुम्हीच सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं? गळ मला माहीत नाही असं समजू नका. आपले भोई तापीवर गळ टाकतात, त्याला गांडूळ लावतात, नाहीतर कणकेची गोळी. इथं गांडूळ नाही, कणीक नाही. नुसता चांदीचा मासा. ओढून जवळ आला तेव्हा मी नीट निरखला. कपाळाला लाल ठिपका, म्हणजे कुंकू. शेपटीला तीन टोकांची आकडी, म्हणजे त्रिशूळ. आपल्याकडं डोळे बरे झाले की देवीला चांदीचे डोळे वाहतात, मूल झालं की चांदीचा पाळणा वाहतात. तसा हा मासा. साहेबांचा नवस होता, दुसरं काय!

आणि इथंच माझं डोकं तापलं. अरे माणसा, समुद्राला चांदीचा मासा बोललास ना? मग वाहा की! दोर बांधून परत काय ओढतोस? एकदा नाही, दोनदा नाही, सकाळपासून तेच. एवढा पगार खाऊन हा कंजूषपणा! देवाला दाखवायचा आणि खिशात घालायचा! असल्या माणसाच्या हातून शांताची बदली कशी होणार? नवस अडकला म्हणून सही अडकली, असा माझा पक्का हिशोब झाला.

एक शब्द विचारला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण कसम घातलेली. सुपारी या गालातून त्या गालात घोळवत बसले.

दुपार झाली. शांतानं सावलीला पानं मांडली. मी बुऱ्हाणपूरहून मांडे नेले होते, ते पाहून साहेब काठी खडकाला टेकवून लगबगीनं तिकडं गेले. यशवंतरावांनी मला डोळ्यानं खुणावलं, आता विषय काढतो.

टोकावर मी एकटी आणि तो लटकता मासा.

म्हटलं, बाई, हीच वेळ. चंचीतून अडकित्ता काढला आणि दोर कचकन कापला. माशाला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, नारळ फोडला, खण सोडला आणि हात जोडून म्हटलं, "समुद्रबाप्पा, साहेब चुकला, त्याला पदरात घे. आणि माझ्या बहिणीला देशावर आण." दिला मासा पाण्यात सोडून.

तो असा डोलत, चमकत खाली चालला. आणि काय सांगू! खालून एक काळं धूड आलं, जबडा उघडला, चांदीचा मासा गप्पकन गिळला आणि शेपटीचा असा तडाखा दिला की मी नखशिखांत भिजले.

माझ्या अंगावर काटा! देव कुणाला प्रत्यक्ष येऊन नेतो का हो? कसमबिसम सगळी विसरले. तशीच ओलीचिंब पंगतीत गेले.

"साहेब, तुमचा नवस फिटला."

साहेबांच्या हातात मांड्याचा तुकडा. "कसला नवस?"

"तो चांदीचा मासा हो. तुमच्यानं सुटत नव्हता, मी दोर कापून वाहिला."

साहेबांनी काठीकडं पाहिलं. दोर वाऱ्यावर हलत होता.

"आणि समुद्रानं स्वीकारलासुद्धा," मी म्हटलं. "एवढा मोठा मासा स्वतः येऊन घेऊन गेला."

"केवढा?" साहेबांचा आवाज बारीक झाला.

मी दोन्ही हात पसरले. तरी पुरेनात.

साहेबांनी मांडा पानात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. यशवंतराव माझ्या कानाशी आले. "अक्का, तो नवस नाही, तो गळच आहे. खोटा मासा. मोठा मासा फसून त्याला तोंड लावतो. गोरा साहेब विलायतेला परत जाताना देऊन गेला होता, इथं कुठं मिळत नाही. सहा महिने एकसुद्धा लागला नव्हता."

येताना शांता रस्ताभर रडली. मी दुसऱ्या दिवशी गाडीत बसले ती आपल्या बुऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनात उतरेपर्यंत कुणाशी भांडलेसुद्धा नाही.

आणि महिनाभरात बदली झाली हो! थेट रावेरला! इथून गाडीत बसावं आणि डुलकी लागायच्या आत उतरावं, इतकं जवळ. मग माझं तोंड कोण धरणार? गळ काय नि खोटा काय, समुद्राला पोचला ना! लालबागपासून जैनाबादपर्यंत मी घरोघर सांगत सुटले की नवस फळला. दोघं जेवायला आले तेव्हा शांताच्या ताटात भाकरीवर भाकर वाढली आणि यशवंतरावांना म्हटलं, "बघा, शेवटी कुणाच्या हातानं झालं?"

यशवंतराव कधी नव्हे ते हसले. "तुमच्याच, अक्का. साहेबांनी मला बोलावून विचारलं, त्या बाई कुठं राहतात? म्हटलं, बुऱ्हाणपूरला. मग भिंतीवरच्या नकाशात बोट फिरवून म्हणाले, आपल्या हद्दीतली त्यांच्या सगळ्यात जवळची कचेरी कोणती? म्हटलं, रावेर. लगेच सही केली आणि म्हणाले, जा, राहा त्यांच्या शेजारी. याहून कडक शिक्षा माझ्या अधिकारात नाही."

शांता ठसका लागेपर्यंत हसत होती. मी तिला पाणी दिलं आणि जन्मात दुसऱ्यांदा तोंड बंद ठेवलं.