तेरा अक्षरांची शाल

शोभाताईंच्या घरी सासूबाईंच्या काळापासून एक नियम चालत आला होता. बाळ हाती येईपर्यंत बाळासाठी सुई हातात घ्यायची नाही. ना टोपडं, ना दुपटं. देव जे देणार आहे त्याचं माप आधीच घेणारे आपण कोण? म्हणून ऋचा पहिल्या बाळंतपणाला पनवेलला माहेरी आली, नववा सरत आला, तरी शोभाताई लोकरीच्या दुकानावरून मान खाली घालूनच जात होत्या.

बुधवारी पहाटे मुलगी झाली. दवाखान्याच्या खाटेवरून ऋचा पहिलं काय बोलली असेल, तर, "आई, बारशाला माझ्या शालीसारखीच शाल हवी हं. पानापानांची."

ती शाल शोभाताईंच्या आईने विणलेली. तिच्यात गुंडाळूनच ऋचाचं नाव ठेवलं होतं. पुढे ऋचाने ती बाहुलीवर पांघरून पांघरून तिच्या चिंध्या केल्या, ती गोष्ट वेगळी.

"विणते की!" शोभाताई म्हणाल्या. आपल्याकडचं तीन दिवसांचं सोयर फिटल्यावर गावात जाऊन दुधावरच्या सायीसारखी लोकर घेऊन आल्या आणि रविवारी देवापुढे बसून टाके घातले. बारावा दिवस नेमका पुढच्या रविवारी येत होता.

पण शब्द आधीच दोन ठिकाणी दिलेला. भजनी मंडळातल्या चंद्रावतीने कळंबोलीला नवं घर घेतलं होतं. शनिवारी तिची वास्तुशांत, आणि दाराला क्रोशाचं तोरण शोभाताईंचंच हवं होतं. आणि दारावर मासळी घेऊन येणाऱ्या उरणच्या भामाला नवऱ्यासाठी कानटोपी हवी होती. काशिराम पहाटे होडीवर जायचा.

सोमवारी भामाने दारातूनच हाक दिली. "शोभाताय, टोपीचा काय झाला? मार्गशीर्षान तुमी मावरा घ्येत नाय, निदान टोपी तरी द्या!"

"देते गं बाई. शुक्रवारी ये."

"नाय जमत तं नाय म्हना. आमचा मानूस कानाला फडका बांधून जाईल."

हे ऐकून कोण नाही म्हणणार?

शोभाताईंनी मग तीन पिशव्या केल्या. टोपीचं विणकाम आंधळं, डोळे मिटूनही होणारं. ती पिशवी स्वयंपाकघरात. दूध तापेपर्यंत दोन ओळी, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत चार. तोरणातला गणपती चौकटी बघून भरायचा, त्याला उजेड हवा, म्हणून ती पिशवी गॅलरीत. आणि शाल देवघरात. शालीची नक्षी तेरा टाक्यांची. कुठे जाळी सोडायची, कुठे दोन टाके एकत्र घ्यायचे, हे आईने त्यांना कागदावर लिहून दिलं नव्हतं, जपावर शिकवलं होतं. श्रीराम जय राम जय जय राम. तेरा अक्षरं, तेरा टाके. 'श्री'ला जाळी, शेवटच्या 'म'ला जोड. मंत्र चुकला नाही तर पान चुकत नाही.

"या पिशवीपासून त्या पिशवीपर्यंत कंडक्टरसारखी घरभर फिरतेस," ऋचाचे बाबा, अवधूतराव, चहा पिता पिता म्हणाले. "तिकीट फाडायचं तेवढं बाकी आहे."

"तुम्ही कप विसळून ठेवा, तेच तिकीट."

बाळाला तेल लावणं, शेकशेगडी, ऋचाचा डिंकाचा लाडू, बघायला येणाऱ्यांचा चहा, सगळं सांभाळून काम पुढे सरकत होतं. बुधवारी पुण्याहून विहीणबाईंचा, सुनीताताईंचा, फोन आला.

"शोभाताई, तुम्ही उगाच ताण घेऊ नका हं. बाळंतिणीचं किती असतं घरात! आम्ही इथून एक मऊशार शाल घेतलीय. तयार."

ऋचाने आईच्या हातातला फोन ओढून घेतला आणि सासूबाईंना म्हणाली, "आई, शाल आमच्याकडे होतेय. आमच्याकडची पद्धतच आहे ती." फोन ठेवला आणि आईकडे बघून हळूच म्हणाली, "होईल ना गं? मी बोलून बसले."

"अगं, पाऊण झालीय."

खरंच झाली होती. इथेच शोभाताईंना थोडा ताठा चढला. गुरुवारी मंडळाचं भजन होतं, दोन इमारती सोडून. देवघरातून न हलणारी शाल त्यांनी त्या दिवशी सोबत नेली. आता हातात नक्षी बसलीय, तिकडे बसून वीतभर काम उरकेल, असा हिशेब. सुरुवात छान झाली. मग गुरुवार म्हणून दत्ताचं नाम सुरू झालं. दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा. टाळ चढले, माना डोलायला लागल्या. शोभाताईंचं तोंड दिगंबरा म्हणत होतं आणि सुया तोंडाच्या मागून धावत होत्या.

शुक्रवारी सकाळी ऋचाने कौतुकाने शाल पलंगावर पसरली.

"आई, ही पानं... एकमेकांच्या अंगावर का पडलीत?"

शोभाताईंनी चष्मा पुसून पाहिलं. पाऊण शालीपर्यंत पानं रांगेत उभी. त्यानंतर देठं सरकलेली, जाळ्या भलत्याच ठिकाणी. एकेका टाक्यावर बोट ठेवून त्या मनात जप म्हणत गेल्या, आणि तिसऱ्या पानाशी कपाळावर हात मारला.

"दत्तगुरू शिरले गं यात! तेराच्या जागी अठरा अक्षरं विणली मी."

अवधूतराव वाकून बघून गेले. "मला तर चांगलीच दिसतेय. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

वीतभर उसवलं. लोकर सरसर सुटत होती आणि ऋचा दुसरीकडे बघत होती. तेवढ्यात दारात भामा उभी. टोपी तयार होती. भामाने ती तिथल्या तिथे डोक्यावर चढवली, कान झाकून बघितले आणि म्हणाली, "ताय, आता तुमी हाक मारा, मना आयकू येते का बगू!" उसवलेल्या लोकरीच्या ढिगासमोर सगळे हसले. एक पिशवी रिकामी झाली.

दिवसभर पाहुण्यांची रीघ. उजेड होता तोवर तोरणाची शेवटची झालर. शालीला हात लागला नाही. शनिवारी कळंबोलीला जाताना रिक्षात शोभाताईंच्या मांडीवर दोन पिशव्या होत्या, आणि डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. सुया तोंडाच्या मागून धावतात, हे तर गुरुवारी कळलंच. मग धावू देत की.

तोरण दाराला लागलं. पूजा झाली, जेवणं झाली. दुपारी मंडळ नामस्मरणाला बसलं. चंद्रावतीने टाळ उचलले.

"आज रामनाम घेऊ या," शोभाताई म्हणाल्या. "तेरा अक्षरी. एका लयीत, आरती होईपर्यंत."

"का गं? दत्ताने काय घोडं मारलं तुझं?"

शोभाताईंनी पिशवीतून शाल काढली आणि गुरुवारची सगळी कथा सांगितली. बायका हसून हसून लोळल्या.

"म्हणजे आम्ही घसा कोरडा करायचा आणि हिने विणायचं!" चंद्रावती म्हणाली. "नाम देवाचं आणि मजुरी आमची होय?"

"नात सगळ्यांची," शोभाताई म्हणाल्या. "उद्या पेढे खायला येणारच आहात."

टाळ वाजले. श्रीराम जय राम जय जय राम. सुरुवातीला सुया चाचपडत होत्या. मग लय बसली. एवढा मोठा जप एका सुरात, चुकायला जागाच कुठे? 'श्री' आला की जाळी पडायची, 'म' आला की जोड. कोणी दमलं तर शेजारची उचलून धरायची. चंद्रावतीला एकदा ठसका लागला, पाणी पिऊन ती पुन्हा सुरात आली. पान पानावर चढत गेलं. बाहेर अवजड ट्रकांचा घरघराट, आत रामनामाचा गजर, आणि शोभाताईंच्या मांडीवर शाल वाढतेय. आरतीसाठी निरांजन लागलं तेव्हा त्यांनी शेवटचा टाका बंद केला, शाल उचलून देवासमोर धरली, आणि मंडळाने एकदम "सियावर रामचंद्र की जय!" केलं. खालच्या मजल्यावरची बाई काय झालं म्हणून वर आली.

रविवारी सुनीताताई चकचकीत खोका घेऊन आल्या. पाळण्यापाशी ऋचा बाळाला शालीत गुंडाळत होती. सुनीताताई थबकल्या. बोटांच्या चिमटीत शालीची कड धरून त्यांनी एकेक पान पाहिलं.

"हाताची आहे?"

"हाताची," ऋचा म्हणाली. तिचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला.

सुनीताताईंनी आपला खोका उघडला, आतली शाल पाळण्यात खाली अंथरली आणि म्हणाल्या, "आमची खाली, आजीची वर. शोभाताई, पुढच्या नातवंडाला मला शिकवा हं ही नक्षी."

आत्याने, समृद्धीने, कानात कुर्रर्र केलं. आभा. मंडळ पेढे खाऊन पाळण्याभोवती गोळा झालं, आणि शालीवर हक्क सांगायला सुरुवात झाली. हे पान माझं, त्या ओळीला मी सूर धरला होता.

चंद्रावती चष्मा नाकावर सरकवून वाकली. "शोभा, इथे बघ. हा टाका सैल आहे. मला ठसका लागला ना, तिथला." ती कानाशी आली. "उसवतेस की काय आता?"

"तो राहू दे," शोभाताई पाळण्याची दोरी ओढत म्हणाल्या. "तो तुझा आहे."