एकाच क्रियापदाचा वाटाड्या

मी त्यांना नापास केलं. हे आधीच कबूल करतो, नाहीतर पुढचं कौतुक तुम्हाला खोटं वाटेल.

जुन्नरजवळच्या आमच्या गावामागे डोंगरात लेणी आहेत. परदेशी पाहुण्यांना ती दाखवायचं काम गावातले वाटाडे भाऊ वर्षानुवर्षं करत. गळ्यात मफलर, बगलेत छत्री. पाहुणे दिसले की छत्री उंच करून म्हणत, "कम, वुई गो!"

सातवी शिकलेला माणूस. इंग्रजीतलं 'गो' हे एकच क्रियापद त्यांनी पाळलं होतं आणि ते त्याला सगळ्या कामांना जुंपत. पायरी निसरडी असली की "फूट गो, हेड गो." टाकं आटलं की "वॉटर गो." छताच्या उडालेल्या रंगाकडे छत्री रोखून ते म्हणत, "कलर गो. कलर-मॅन आल्सो गो." पाहुणे हसत, तेही हसत. मग सगळे वर बघत राहत. तुम्ही असतात तर तुम्हीही बघत राहिला असतात.

स्तूपापाशी मात्र ते चपला काढून हात जोडत. तिथे इंग्रजी बंद.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. एकदा म्हटलं, "भाऊ, दुसरीही क्रियापदं आहेत."

"हायेत की सर. पर डोंगर चढताना वझं कमी असलेलं बरं."

पुढे गावच्या समितीने वाटाड्यांना ओळखपत्र द्यायचं ठरवलं. इंग्रजीची तोंडी परीक्षा माझ्याकडे आली. बाकीच्यांनी माझ्याच नोट्स घोकून म्हणून दाखवल्या. यांनी प्रत्येक उत्तरात 'गो' घातलं. मी दहापैकी दोन दिले.

कागद बघून ते म्हणाले, "लई कडक तपासता राव तुमी!" आणि हसले. दुसऱ्या दिवसापासून ते कांदे काढायला जाऊ लागले. लेण्यांकडे फिरकले नाहीत.

महिन्याभराने एक वयस्कर इंग्रज बाई आल्या. ओळखपत्रवाले वाटाडे तळेघरला लग्नाला गेलेले, म्हणून मीच निघालो. मी वाक्यं अगदी व्याकरणशुद्ध बोलत होतो. बाई जांभया देत होत्या. त्यांचं बोलणं मात्र मी ऐकत गेलो. गुडघा कुरकुरला, "माय नी इज गोइंग." पिशवीतलं दूध नासलं, "इट्स गॉन ऑफ." फोनची बॅटरीही 'गोइंग'. वारलेल्या नवऱ्याबद्दल त्या म्हणाल्या, "ही वेंट लास्ट इयर."

वीस वर्षं मी इंग्रजी शिकवतोय. रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूस 'गो'वर एवढा विसंबून असतो, हे मी कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं.

उतरताना बाईंनी विचारलं, "माझ्या मैत्रिणीला छत्रीवाल्या एका गृहस्थांनी लेणी दाखवली होती. ते कुठे असतात?"

"रानात. कांदे काढतात," मी सांगितलं.

त्याच दुपारी समितीला लिहून दिलं की परीक्षा मी चुकीची घेतली, त्यांना ओळखपत्र द्या. मग त्यांच्या रानात गेलो. बांधावर उभं राहून म्हटलं, "भाऊ, चूक माझी झाली. मला माफ करा."

त्यांनी हातातला कांदा खाली ठेवला. "सर, एवढ्या उन्हाचं आलाय. आधी बसा, पाणी प्या. उभ्याउभ्या कोण माफी मागतं का?"

मी ढेकळांत बसलो. तांब्याभर पाणी प्यालो. आणि बसून पुन्हा मागितली.