वाकडी दिसणारी ओळ

जासई सोडलं त्या सकाळी टेम्पोत आधी पुस्तकं चढली, कारण तीच सगळ्यात जड होती. गोणपाटात शिवलेले गठ्ठे होते. टेम्पोवाल्याने एक उचलून पाहिला आणि माझ्या मुलाला म्हणाला, "दादा, लाद्या भरल्यात काय यात?" लोकरीच्या पिशव्या मात्र इतक्या हलक्या की वाऱ्याने उडतील म्हणून त्यांच्यावर पाटा ठेवावा लागला. थोरल्या जाऊबाई पायरीवर उभ्या होत्या. आमचं घर एक आणि दारं दोन. एका दारात त्या, दुसऱ्याला मी कुलूप लावत होते. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "जा बाय. पन त्या उंच घरान खालून कोनी हाक मारली तं आयकू येल का तुला?"

जासई ते पनवेल अंतर ते काय. वाटेत ट्रेलरची रांग लागली नाही तर भात शिजेपर्यंत माणूस पोचतं. गाव सोडलेल्या तुमच्यापैकी कुणी दुबईला गेलं, कुणी पुण्याला, कुणी समुद्रापार जाऊन तिथलंच झालं. तुम्हाला माझ्या या जाण्याचं हसू येईल. पण माणूस किती लांब गेलं यावर ते किती घाबरतं हे ठरत नाही, एवढं मला आता कळलं आहे.

मी पेणची. लग्न होऊन जासईला आले, तिथल्याच शाळेत मराठी शिकवलं, तिथूनच निवृत्त झाले. विणायला आईने शिकवलं होतं. बारा महिने घाम गाळणाऱ्या गावात लोकर घेऊन बसणारी सून म्हणजे सगळ्यांना गंमत होती. पण आमच्या घरात स्वेटर लागायचा. हे कंटेनर यार्डात होते, थंड कंटेनरांवर. त्यांना सगळे रीफर म्हणतात. आत मासे, फळं, औषधं. तापमान बघायला दिवसातून कितीदा तरी आत शिरायचं आणि बाहेर रणरणत्या उन्हात यायचं. यार्डात यांना स्वेटरवाले म्हात्रे म्हणत. कोपराला भोक पडलं की हे स्वेटर माझ्या पुस्तकावर आणून ठेवायचे, म्हणजे मला पान उलटताच येऊ नये.

गेल्या वर्षी हे गेले. कामावरून आले, चहा मागितला. मी आत जाऊन चहा टाकला, आणि तो होऊन बाहेर आणेपर्यंत हे खुर्चीत गेलेले होते. आवाज नाही, हाक नाही. त्यानंतर मला पाठ फिरवायची भीती वाटू लागली. दूध तापवताना मी गॅसकडे तोंड करून उभी राहू शकत नसे, बाहेरच्या खोलीकडे बघत राही, आणि दूध उतू जाई. मुलगा हैदराबादला असतो. त्याने पनवेलला हा फ्लॅट घेऊन ठेवला होता. दवाखाने जवळ, बाजार जवळ, धूळ कमी, असं त्याने समजावलं. त्याला वाटलं त्याने मला तयार केलं. खरं तर मला तिथून निघायचंच होतं.

पनवेलला आल्यावर मी दिवस बांधून घेतला. सकाळी ग्रंथालय. तिथल्या बाई मला ओळखू लागल्या, नवीन पुस्तक आलं की माझ्यासाठी बाजूला ठेवू लागल्या. दुपारी विणकाम आणि वाचन एकदमच. साधी वीण असली की हात आपोआप चालतात. पुस्तक मांडीवर उघडं ठेवायचं आणि दोन्ही बाजूंची पानं कपड्यांच्या चिमट्यांनी दाबायची. ओळ संपली की काम उलटायचं, पान संपलं की चिमटे काढायचे. डोकं आणि हात दोन्ही गुंतलेले असले की माणूस कानोसा घेत बसत नाही. तरी लिफ्टचं दार वाजलं की मी दचकायचे. वरून विमान गेलं की खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि मी विणकाम छातीशी धरून बसायचे. आता विमानं रोज जातात, आणि मी रोज दचकते.

समोरच्या फ्लॅटमध्ये हमीदा राहते. उरणची. नवरा कुवेतला होता, परत आला आणि आता दिवसभर टीव्हीसमोर असतो. त्याला कंटाळून ती माझ्या गॅलरीत येऊन बसते. पहिल्याच दिवशी तिने माझ्या सुया उचलून बघितल्या आणि विचारलं, "ताई, पनवेलमध्ये स्वेटर? कोणासाठी, फ्रिजसाठी?" मला हे गेल्यापासून पहिल्यांदा हसू आलं.

मार्चमध्ये जाऊबाईंचा फोन आला की नातसुनेचं बाळंतपण जवळ आलं आहे. आमच्या आळीत जन्मलेल्या प्रत्येक पोराचं पहिलं टोपडं मी विणलेलं आहे. बारशाला पाळण्यात घालताना तेच घालायचं, असं कुणी न ठरवता ठरून गेलेलं. मी पांढरी लोकर आणली आणि टाके घातले. कडेला एक सुलट एक उलट अशी पट्टी. ती वीण म्हणजे शेजारी शेजारी उभ्या रेघाच. त्या कशा विणायच्या हे मला झोपेतही सांगता येईल.

पट्टी बोटभर झाली आणि मला दिसलं, मधे रेघा वाकल्या आहेत. जणू आतून कुणी फुंकर घालून तेवढा भाग फुगवला आहे. कुठेतरी टाका चुकला असणार. मी मोजले, बरोबर भरले. तरीही उसवलं. पुन्हा विणलं. पुन्हा तिथेच फुगा. मला वाटलं हात घट्ट-सैल पडतोय, म्हणून सुया बदलल्या. मग वाटलं लोकरच खराब आहे. विणणाऱ्या बाईला दुसरं काही सुचत नाही. काम वाकडं दिसलं की ती कामच उसवते. उसवलेली लोकर कुरळी होते, विरते. हमीदा एकदा बोट फिरवून म्हणाली, "मला तर एकदम सीधी लागते. किती परेशान करता बिचारीला? जन्माआधीच म्हातारी झाली ती लोकर." मी तिला म्हटलं, "तुला कळत नाही." असं मी सहसा कुणाला बोलत नाही.

मग एका सकाळी ग्रंथालयात कादंबरी उघडली, आणि छापलेली ओळ मधेच खाली झुकली. ओल्या कपड्यांनी दोरी झुकावी तशी. मी पान सरकवलं. ओळ पुन्हा तिथेच झुकली, माझ्या नजरेबरोबर सरकत. मी डावा डोळा झाकला. सगळं सरळ. उजवा झाकला. मधली अक्षरं एकमेकांत शिरली होती, आणि त्यांच्यामागे करडा डाग होता.

मी पुस्तक मिटलं, जागेवर ठेवलं आणि घरी आले. टोपडं ठीक होतं. पहिल्यापासून ठीक होतं.

ती भीती कशी होती हे सांगायचा प्रयत्न करते. हे गेले तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, मी फक्त त्याच्या मागून चालत होते. इथे व्हायचं होतं. रोज थोडं थोडं माझ्याच डोक्याच्या आत होणार होतं, आणि ते बघायलाही तोच डोळा. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर मुलगा मला हैदराबादला नेणार. तो माझी काळजी घेईल याची शंका नाही. पण तो आणि सून दिवसभर ऑफिसात, आणि मी परक्या गावात, अनोळखी भाषेत, न वाचता, न विणता एका खोलीत बसलेली. ते चित्र मला डागापेक्षा स्पष्ट दिसायचं. म्हणून मी गप्प राहिले आणि वाचत सुटले. वाचायची राहिलेली जाडजूड पुस्तकं आणली. पावसाआधी घरात लाकडं भरावीत तशी पानं आत भरत होते. एकाही पुस्तकाचा आनंद झाला नाही. काय वाचलं तेही आठवत नाही. मधेच डोळे मिटून विणून बघायचे. दोन ओळींत टाके सुटायचे आणि हातात जाळं यायचं.

जाऊबाईंचा फोन येई. "टोपरा झाला का गो?"

"होतंय."

"होतंय होतंय करतंस. रस्त्याचा काम काडलास काय? पोर शालेन जाईल तवा घालायचा काय त्याला?"

मी हसायचे आणि फोन ठेवून रडायचे.

रोज सकाळी मी गॅलरीत उभी राहून समोरच्या इमारतीच्या खिडक्यांचे गज तपासत असे. एक डोळा झाकायचा, मग दुसरा. काल दोन गज वाकले होते, आज तिसरा वाकलाय का? एके दिवशी मागून आवाज आला, "ताई, सुबह सुबह समोर कोणाला डोळा मारताय?" दार उघडंच राहिलं होतं. हमीदा हातात मऊ भाताच्या खिमटाची वाटी घेऊन उभी होती. मी हसायला गेले आणि मला ते जमलं नाही. तिथेच जमिनीवर बसून मी तिला सगळं सांगितलं. तिने मला मधे एकदाही टोकलं नाही, आणि हमीदाच्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे. मग वाटी खाली ठेवून म्हणाली, "उठा. साडी बदला. मी बुरखा घालून आले."

"आज नको. उद्या बघू."

"उद्या मला टाइम नाही," ती म्हणाली. तिला रोजच वेळ असतो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बारीक चौकटींचा एक कागद समोर धरला. दोन रंगांची नक्षी विणताना आम्ही असाच चौकटींचा कागद घेतो. मधल्या ठिपक्याकडे बघा, म्हणाल्या. माझ्या कागदाच्या मधोमध भोवरा होता. तपासण्या झाल्या. डाव्या डोळ्याच्या पडद्याखाली पाणी धरलं आहे, डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, एकाने भागणार नाही. "गेलं ते सगळं परत येईल असं सांगत नाही. जे आहे ते राखायचा प्रयत्न करू. आधी का नाही आलात?" मी म्हटलं, "मला वाटलं विणकाम चुकतंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्या इंजेक्शनची तारीख लिहून दिली.

डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर अंगावर काटा येतो, तो खराच आहे. दुखत फारसं नाही. पण डोळा मिटता येत नाही, पाठ फिरवता येत नाही, येणारी गोष्ट येताना बघावी लागते. मी मनात एक सुलट एक उलट म्हणत राहिले. बहुतेक मोठ्याने म्हणत असणार, कारण नर्सने विचारलं, "आजी, कुठला मंत्र?"

मुलाला मीच फोन केला. तो लगेच आला, दोन दिवस राहिला, आणि अपेक्षेप्रमाणे म्हणाला, "आई, आता माझ्याकडे चल." मी नाही म्हटलं. एवढं थेट "नाही" मी त्याला त्याच्या लहानपणीही म्हटलं नव्हतं. तो हमीदाशी दारात बराच वेळ बोलत होता. जाताना त्याने तिचा नंबर घेतला आणि दर तपासणीनंतर तुमचाही फोन मला हवा, असं तिला बजावलं.

टोपडं मी पूर्ण केलं. डोळ्याला पट्टी वाकडी दिसत होती तशी दिसू दिली. टाके मोजायचे, बोटांनी चाचपायचं, आणि डोळा काहीही म्हणाला तरी उसवायचं नाही. हे बोलायला सोपं आहे. प्रत्येक ओळीला माझा हात सुई काढून घ्यायला उठायचा. बारशाला जाऊबाईंनी टोपडं उजेडात धरलं, सगळ्या बायकांसमोर उलटसुलट करून बघितलं. मग बाळाला घालून त्या म्हणाल्या, "टोपरा सरल हाय. पोराचा डोका वाकडा हाय, बापासारखा." सगळ्या हसल्या. बाळाचा बापही हसला. नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "कवा येशील परत र्‍हायला?"

भीती गेलेली नाही. चौकटींचा तो कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला आहे. सकाळी चहाच्या आधी त्याच्यासमोर उभी राहते. भोवरा थोडा उथळ झालाय असं कधी वाटतं, कधी तसाच. दुसरा डोळा साथ देईल का, किती वर्षं, हे डॉक्टरीणबाईही सांगत नाहीत. वाचते, पण सावकाश, एका वेळी थोडं. डोळा दमला की हमीदा वाचून दाखवते. ती सातवीपर्यंत मराठी शाळेत होती. जोडाक्षराला अडखळते आणि नायिकेवर चिडते. "ही बाई बोलत का नाही सरळ? इतकी पानं फुकट गेली." त्यामुळे एक प्रकरण संपायला आठवडा लागतो.

घर कुठलं, असं जासईचे लोक विचारतात, आणि गाव सोडून गेलेलेही विचारतात, कारण त्यांना स्वतःलाच ते विचारायचं असतं. मला एका वाक्यात सांगता येत नाही. परवा पुन्हा इंजेक्शन झालं. डाव्या डोळ्यावर पट्टी होती. दवाखान्यातून निघालो तर रिक्षा पलीकडच्या बाजूला, आणि मधे भरून वाहणारा रस्ता. डावीकडून काय येतंय हे मला दिसत नव्हतं, फक्त हॉर्न ऐकू येत होते. मी म्हटलं, "हमीदा, थांबू या जरा." ती आधी माझ्या उजवीकडे होती. मागून वळसा घालून ती डावीकडे आली, माझा दंड धरला आणि म्हणाली, "इधरचं मी बघते. तुम्ही तुमचं बघा."

आम्ही रस्ता ओलांडला.