उन्हानं प्यायलेला निळा रंग

यॉर्कशायरच्या एका बंदरावर सूप विकणाऱ्या एनिडबाईंना मध्यरात्री परतणाऱ्या होड्यांचे दिवे स्वप्नातही दिसत. त्या होड्यांवरच्या कोळ्यांना सूप विकायचं, तर रात्री अकरानंतर गरम पदार्थ विकायला कौन्सिलचा, म्हणजे नगरपालिकेचा, परवाना लागतो, म्हणून त्यांनी नियमाप्रमाणे अठ्ठावीस दिवस दारावर परवान्याच्या अर्जाची निळ्याच कागदावरची नोटीस लावली. समुद्रावरचं ऊन मात्र तिचा निळा रंग घोटघोट पीत राहिलं.

शेवटच्या रात्री धुक्यातून कौन्सिलचा तपासनीस आला.

"बाई, हा तर पांढरा कागद!"

"अरे, निळाच होता. उन्हानं प्यायला!"

"नियम म्हणजे नियम. पुन्हा अठ्ठावीस दिवस लावा."

वाद घालता घालता तो पार गारठला. "बरं, कपभर सूप तरी द्या."

तेवढ्यात चर्चच्या घड्याळात अकराचे टोले पडले. एनिडबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"परवाना नाही रे, बाळा."